वाचकांचे प्रश्न : जहाजात चढण्यापूर्वी हॉटेल डेल कोरोनाडो

कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो बंदरातून मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडे, म्हणजे काबो सान लुकास, मासात्लान आणि प्वेर्तो वायार्ता या गावांकडे जाणाऱ्या जहाजांचा मुख्य हंगाम शरद ऋतूपासून वसंतापर्यंत असतो. मुलांकडे अमेरिकेला गेलेले आपले बरेच वाचक याच काळात ही क्रूझ घेतात. जहाजात चढण्यापूर्वी बंदरापलीकडच्या कोरोनाडो येथील समुद्रकाठचे प्रसिद्ध लाकडी हॉटेल पाहावे का, आणि पाहायचे तर कसे, असे विचारणारी पत्रे आली आहेत. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मुलगा सॅन डिएगोला नोकरीस आहे. आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार असून तेथूनच सात दिवसांची मेक्सिकोची क्रूझ ठरवली आहे. हॉटेल डेल कोरोनाडो हे फार जुने आणि महागडे हॉटेल असल्याचे सून सांगते. तेथे मुक्काम न करता नुसते पाहायला जाता येते का? कोणी हटकत तर नाही ना? आणि पाहण्यासारखे नेमके काय आहे? (एक वाचक भगिनी, पुणे)

उत्तर : निःशंक जा. हॉटेलची लॉबी, दुकाने, उपाहारगृहे, समुद्राकडील हिरवळ आणि व्हरांडे येथे मुक्कामी नसलेली माणसेही दिवसभर वावरत असतात. जलतरण तलाव आणि खोल्यांकडे जाणारे मजले मात्र मुक्कामी पाहुण्यांसाठी राखीव असतात. तेथे कोणी अडवले तर त्यात अपमान वाटून घेण्याचे कारण नाही. हॉटेलसमोरचा वाळूचा किनारा सार्वजनिक आहे, त्यामुळे आत एक पैसाही खर्च न करता किनाऱ्यावर बसून पूर्ण इमारत डोळे भरून पाहता येते. खरे तर तिचे सर्वांत चांगले दर्शन तेथूनच होते. पांढऱ्या भिंती, लाल कौलाकार छपरे आणि कोपऱ्यावरचा शंकूसारखा मोठा मनोरा हे सगळे एका नजरेत मावायचे असेल तर पाण्याच्या दिशेने थोडे मागे सरकावे लागते.

आता काय पाहावे, हा आपला मुख्य प्रश्न. हे हॉटेल कशासाठी बांधले गेले हे ठाऊक असेल तर पाहण्यात अर्थ येतो, म्हणून ती हकिकत थोडी विस्ताराने सांगतो. १८८५ साली सॅन डिएगो रेल्वेने उर्वरित अमेरिकेशी जोडले गेले आणि जमिनींचे भाव भराभर चढू लागले. त्याच वर्षी इंडियानाकडून आलेले रेल्वे व्यवसायातील एलिशा बॅबकॉक आणि शिकागोचे पियानो व्यावसायिक हॅम्प्टन स्टोरी यांनी सहकाऱ्यांसह सशांच्या शिकारीपलीकडे फारसा उपयोग नसलेला कोरोनाडोचा संपूर्ण भूभाग १,१०,००० डॉलरना विकत घेतला. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्यांनी तेथील भूखंडांचा लिलाव सुरू केला. लोकांनी या ओसाड वाळूवर घरे का बांधावीत, याचे उत्तर म्हणून मध्यभागी एक भव्य हॉटेल उभे करायचे, असा तो बेत होता. मार्च १८८७ मध्ये काम सुरू झाले आणि फेब्रुवारी १८८८ मध्ये, म्हणजे जेमतेम अकरा महिन्यांत, हॉटेल उघडलेही. त्याच वर्षी जमिनींची तेजी कोसळली. बॅबकॉक कर्जात अडकले आणि थोड्याच काळात हॉटेल साखर आणि जहाजवाहतूक या धंद्यांत गडगंज झालेल्या जॉन स्प्रेकल्स यांच्या हाती गेले. जहाजाने प्रवासाला निघालेल्या माणसाने हे हॉटेल पाहावे यात एक औचित्य आहे, कारण ते टिकले ते एका जहाजमालकाच्या पैशावर.

वास्तुरचना जेम्स रीड आणि त्यांच्या भावांची. उत्तर कॅलिफोर्नियातून समुद्रमार्गे आणलेले लाकूड आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने आलेले चिनी मजूर, यांवर हे सारे काम उभे राहिले. स्थानिक कुशल सुतार पुरेसे नव्हते, त्यामुळे मजुरांना काम शिकवत शिकवतच सोप्या भागाकडून अवघड भागाकडे बांधकाम नेले गेले. पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना हॉटेलात उतरलेल्या नटनट्या आणि राष्ट्राध्यक्ष यांचीच नावे सांगितली जातात. मला स्वतःला मात्र या अनाम मजुरांनी जोडलेल्या लाकडाकडे पाहण्यात अधिक रस वाटतो, आणि आपणही जोडकाम बारकाईने पाहावे असे सुचवतो. मुंबईचे ताज १९०३ साली सुरू झाले. हे त्याहून पंधरा वर्षांनी जुने, आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभे असूनही लाकडाचे. १९७७ साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

आत शिरल्यावर लॉबीतील गडद ओक लाकडाचे काम आणि पितळी पिंजऱ्याची जुनी ओटिस लिफ्ट पाहावी. तेथून मधल्या अंगणात जावे. आपल्याकडील चौसोपी वाड्यासारखी, मधोमध मोकळी जागा आणि भोवती मजले व सज्जे, अशी ही मांडणी आहे. सोसाट्याचा समुद्रवारा येथे पोहोचत नाही, आणि रीड यांनी ही रचना का स्वीकारली ते अंगणात उभे राहिल्यावर आपोआप कळते. त्यानंतर क्राउन रूम हे भोजनाचे मोठे दालन. सुमारे ३३ फूट उंचीचे शुगर पाइन लाकडाचे हे छत खिळ्यांवाचून, एकमेकांत गुंतवलेल्या फळ्यांनी जोडलेले आहे. तेथील मुकुटाच्या आकाराची झुंबरे बालसाहित्यिक फ्रँक बॉम यांनी सुचवली असे परंपरेने सांगतात. बॉम अनेक हिवाळे कोरोनाडोत राहिले एवढे मात्र निश्चित. याच दालनात सप्टेंबर १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष दियास ओर्दास यांना शाही मेजवानी दिली होती. आता ते दालन मुख्यतः समारंभांसाठी वापरले जाते, त्यामुळे विवाह किंवा परिषद असेल तर दार बंद मिळते. लॉबीतील सेवकाला नम्रपणे विचारल्यास दारातून डोकावू देतात, पण हा हक्क नव्हे.

आवारातच जुन्या बर्फघराच्या वास्तूत हॉटेलच्या इतिहासाचे छोटे संग्रहालय केले आहे. ते आधी पाहून मग इमारतीत जावे, असा माझा आग्रह आहे. मार्गदर्शकासह सशुल्क फेऱ्याही असतात, साधारण तास-दीड तासाच्या. त्यांची नोंदणी हॉटेलच्या संकेतस्थळावर आधीच करावी लागते. इंग्रजी भरभर बोललेले समजण्यास त्रास होत नसेल तर हे पैसे वाया जात नाहीत. अन्यथा सुनेने वाचून सांगितलेले आणि आपण सावकाश पाहिलेले पुष्कळ झाले. एकूण तीन तास हाताशी ठेवा.

प्रश्न : आमचे विमान शिकागोहून क्रूझच्या दिवशीच सकाळी नऊला सॅन डिएगोला उतरते. जहाज दुपारी चारला सुटणार आहे. मधल्या सात तासांत हॉटेल पाहून होईल, असे ट्रॅव्हल एजंट म्हणतात. आपले मत काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : एजंटांनी केलेली वजाबाकी बरोबर आहे, पण हे सात तास आपले नाहीत. जहाज चारला सुटते याचा अर्थ चारला धक्क्यावर पोहोचायचे असा होत नाही. अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजाला सुटण्यापूर्वी किमान ६० मिनिटे प्रवाशांची अंतिम यादी सीमा-सुरक्षा खात्याकडे पाठवावी लागते, म्हणून जहाज कंपन्या साधारण तास ते दीड तास आधीच दार बंद करतात. त्याशिवाय हल्ली प्रत्येक प्रवाशाला चढण्याची ठरावीक वेळ नेमून दिलेली असते, आणि ती दुपारी बाराची असेल तर आपला सारा हिशेब तेथेच कोसळतो. हिवाळ्यात शिकागोत हिमवर्षाव झाला तर नऊचे विमान किती वाजता उतरेल हे एजंटांनाही सांगता येणार नाही. जहाज विमानासाठी थांबत नाही.

दुसरी अडचण सामानाची. मुक्कामी नसलेल्यांच्या बॅगा डेलने (हॉटेल डेल कोरोनाडोचे हे रूढ छोटे नाव) सांभाळाव्यात अशी अपेक्षा धरू नये. बॅगा धक्क्यावर पोर्टरच्या हवाली करून मग फिरायला जाऊ, असे काही जण म्हणतात. ते शक्य असले तरी त्यात एक धोका आहे, तो पुन्हा पुन्हा लक्षात आणून द्यावा लागतो : पासपोर्ट, व्हिसा, बोर्डिंगचे कागद, औषधे आणि रोकड पोर्टरकडे दिलेल्या बॅगेत कधीही राहू देऊ नये. ती बॅग आपल्याला संध्याकाळी थेट केबिनच्या दारात मिळते, आणि पासपोर्टवाचून तर आपल्याला जहाजात पाऊलही टाकता येत नाही.

विमानतळ ते क्रूझ टर्मिनल हे अंतर मोटारीने दहा-पंधरा मिनिटांचे आहे. अंतर इतके थोडे असल्यामुळेच माणसांना वेळ भरपूर आहे असे वाटते आणि ती फसतात. माझा सल्ला स्पष्ट आहे. आदल्या दिवशी दुपारपर्यंत सॅन डिएगोत पोहोचा, बंदराजवळच्या एखाद्या मध्यम दराच्या हॉटेलात रात्र काढा आणि त्याच संध्याकाळी कोरोनाडोला जा. विमानाचे तिकीट बदलता येतच नसेल तर डेल पाहण्याचा बेत क्रूझ संपल्यानंतरच्या दिवसावर ढकला. जहाजे सहसा सकाळी लवकर परत लागतात, आणि परतीचे विमान रात्रीचे घेतले तर त्या दिवशी कोणतीही घाई राहत नाही.

भारतातून थेट येणाऱ्यांनी तर दोन दिवस हाताशी ठेवावेत. मुंबईहून सॅन डिएगोला थेट विमान नाही. मध्ये एक किंवा दोन विमाने बदलावी लागतात आणि बॅग एक दिवस उशिरा येणे ही काही विरळ गोष्ट नव्हे.

प्रश्न : अमेरिकेचा व्हिसा आहे. मेक्सिकोचा वेगळा लागेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : वैध अमेरिकन व्हिसा असलेल्या भारतीय नागरिकाला पर्यटनासाठी मेक्सिकोचा स्वतंत्र व्हिसा लागत नाही. आपला अमेरिकन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे, आणि क्रूझ संपेपर्यंत त्याची व पासपोर्टचीही मुदत शिल्लक आहे, हे मात्र तपासा, कारण जहाज परतल्यावर आपला अमेरिकेत नव्याने प्रवेश होणार असतो. अमेरिकेत राहण्याची दिलेली मुदत मेक्सिकोला सात दिवस जाऊन आल्याने आपोआप वाढते, असा समज काही ज्येष्ठांत आढळतो. तसे गृहीत धरू नये.

प्रश्न : माझे वय ७२ आहे. गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. कोरोनाडोला मोटारीने जावे की बोटीने? (एक वाचक, सातारा)

उत्तर : जाताना बोटीने आणि येताना मोटारीने, अशी वाटणी मी सुचवेन. ब्रॉडवे पिअर येथून सुटणारी फेरीबोट साधारण पंधरा-वीस मिनिटांत कोरोनाडोच्या धक्क्याला लागते. क्रूझची जहाजे लागतात तो बी स्ट्रीट पिअर याच ब्रॉडवे पिअरच्या शेजारी आहे, त्यामुळे आपले जहाज उद्या कोठे लागणार हेही आदल्या दिवशी पाहून होते. बोटीत बसायला बाक असतात आणि खाडीतले पाणी सहसा संथ असते. उलटीची भीती असणाऱ्यांनीही ती घेण्यास हरकत नाही.

फेरीचा धक्का खाडीच्या बाजूला आणि हॉटेल समुद्राच्या बाजूला आहे. मधले अंतर दोन किलोमीटरांच्या आसपास भरते, आणि गुडघे कुरकुरत असताना ते चालू नये. ऑरेंज अॅव्हेन्यू या मुख्य रस्त्याने हॉटेलकडे जाणारी ९०४ क्रमांकाची बस आहे. तिचे वेळापत्रक आधी पाहावे, नाहीतर टॅक्सी घ्यावी. हॉटेलच्या सार्वजनिक भागात चाकाच्या खुर्चीने फिरता येते, पण लाकडी इमारतीचे काही जुने जिने आणि वाळूचा किनारा यांचा विचार आधी करावा.

परतताना कोरोनाडोला सॅन डिएगोशी जोडणाऱ्या पुलावरून यावे. १९६९ साली खुला झालेला हा पूल दोन मैलांहून थोडा अधिक लांब आहे. खालून मोठी नौदलाची जहाजे जावीत म्हणून तो मध्यभागी सुमारे २०० फूट उंच नेला आहे, आणि तेवढी उंची गाठण्यासाठी पुरेशी लांबी मिळावी म्हणून त्याला वळण दिले आहे. पूल झाला त्या वर्षी फेरीबोटी बंद पडल्या होत्या. त्या १९८७ साली पुन्हा सुरू झाल्या. पुलावर टोल नाही आणि पायी चालण्याची सोयही नाही. उंचीची भीती वाटणाऱ्यांनी मोटारीत आतल्या बाजूला बसावे.

प्रश्न : एक रात्र तेथेच राहिलो तर? आयुष्यात एकदाच जाणार आहोत. (एक दांपत्य, डोंबिवली)

उत्तर : खर्च सोसत असेल तर जरूर राहा, पण तो कशासाठी करतो आहोत हे नीट ठरवून. दर दिवसागणिक बदलतात. तरीही चारशे-पाचशे डॉलरच्या खाली खोली मिळेल अशी आशा धरू नये, सुट्टीच्या दिवसांत आकडा बराच पुढे जातो. त्यावर रोजचे रिसॉर्ट शुल्क, कर आणि मोटार असल्यास तिचे पार्किंग यांची भर पडते. मे २०२५ पासून अमेरिकेत हॉटेलांनी सक्तीची शुल्के मिळवूनच दर दाखवावेत असा केंद्रीय नियम लागू झाला आहे, त्यामुळे नोंदणी करताना पूर्वीइतकी फसगत होत नाही. कर मात्र तरीही शेवटी जोडलेले दिसू शकतात, आणि पार्किंग हे सक्तीचे नसल्यामुळे वेगळेच असते.

आवारात मूळ व्हिक्टोरियन इमारतीशिवाय नंतरच्या काळातील इमारती आणि समुद्राकडच्या बंगल्यांसारख्या स्वतंत्र वास्तूही आहेत. स्वस्त दिसणारी खोली पुष्कळदा नव्या इमारतीत असते. ती आरामशीर असेल, पण ज्या कौतुकाने आपण जातो आहोत ते कौतुक तिच्यात नाही. राहायचेच तर मूळ इमारतीत राहा. तेथील खोल्या आकाराने लहान-मोठ्या आहेत आणि काहींना समुद्र दिसत नाही. १८८८ सालच्या घराला असे असणारच. अलीकडच्या काही वर्षांत या इमारतीचे मोठे जीर्णोद्धाराचे काम झाले, त्यात प्रवेशाचा जुना व्हरांडा आणि रंगीत काचा यांना पूर्वरूप देण्यात आले.

आणखी एक गोष्ट व्यवहाराची. दुपारी चारला खोली मिळते आणि सकाळी अकराच्या सुमारास सोडावी लागते. त्यातही दुसऱ्या दिवशी जहाज गाठण्याची धाकधूक असते. एवढ्या महागड्या खोलीत आपण प्रत्यक्षात झोपण्याखेरीज फारसे काही करत नाही. जहाजावरच्या सात रात्रींचे पैसे आपण भरलेलेच आहेत. त्याच पैशांत जहाजावरची केबिन एका पायरीने वरची घेता आली तर मी तसे करीन आणि डेलला संध्याकाळचा चहा घ्यायला जाईन. हे माझे मत झाले. आपले वेगळे असू शकते. मुक्काम केलाच तर बॅगा उचलणाऱ्या सेवकाला प्रत्येक बॅगेमागे दोन-तीन डॉलर आणि खोली झाडणाऱ्यांसाठी टेबलावर काही डॉलर ठेवण्याची तेथील पद्धत आहे, ती पाळावी.

प्रश्न : भुताची खोली दाखवतात का? (एक महाविद्यालयीन वाचक, अमरावती)

उत्तर : नाही. ती खोली पाहुण्यांना भाड्याने दिली जाते, त्यामुळे दाराबाहेर घुटमळणे हेही असभ्यपणाचे ठरेल. ज्या घटनेवरून ही ख्याती झाली ती खरी आणि दुःखद आहे. २४ नोव्हेंबर १८९२ रोजी एका तरुण स्त्रीने लॉटी बर्नार्ड या नावाने एकटीने खोली घेतली. पाच दिवसांनी ती समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर गोळी लागून मृतावस्थेत आढळली. मृत्यू चौकशीत आत्महत्या असा निर्णय झाला आणि पुढे ती केट मॉर्गन असल्याचे निष्पन्न झाले. एकटी, आजारी, नाव बदलून राहिलेली स्त्री पाच दिवस कोणाची तरी वाट पाहत होती, एवढेच कागदपत्रांतून निश्चितपणे समजते. बाकीचा मसाला पुढच्या शंभर वर्षांतला आहे.

इंग्लंडचे युवराज १९२० साली येथे आले तेव्हाच, पुढे ज्यांच्यासाठी त्यांनी राजगादी सोडली त्या वॉलिस सिम्प्सन यांच्याशी त्यांची पहिली गाठ पडली, ही कथाही अशीच गोड आणि आधारहीन आहे. मार्गदर्शक ती सांगेल. ऐकून घ्यावी.

प्रश्न : मेरिलिन मन्रोचा चित्रपट येथेच चित्रित झाला ना? ती जागा ओळखता येते का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : होय. बिली वाइल्डर यांच्या ‘सम लाइक इट हॉट’ या चित्रपटाचे बाह्यचित्रण १९५८ साली येथे झाले आणि तो १९५९ मध्ये प्रदर्शित झाला. गंमत अशी की, कथेत हे हॉटेल दूरच्या फ्लॉरिडात असल्याचे दाखवले आहे. समुद्राकडच्या बाजूला उभे राहून हॉटेलकडे पाहिले की चित्रपटातील चौकट सहज जुळते. आतील प्रसंग मात्र बहुतांशी स्टुडिओतले आहेत, त्यामुळे जिने आणि खोल्या शोधत बसू नका.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. हॉटेलात खाणे परवडेल का? घरून दशम्या, चटणी नेली तर चालेल का? किनाऱ्यावर पाण्यात पाय घालता येतील ना? (एक वाचक भगिनी, ठाणे)

उत्तर : हॉटेलात शाकाहारी पदार्थ मिळतात, पण दर हॉटेलाच्या थाटाला शोभणारे असतात. तेथे कॉफी आणि एखादा गोड पदार्थ घ्यावा आणि पोटभर जेवण ऑरेंज अॅव्हेन्यूवरच्या एखाद्या साध्या उपाहारगृहात करावे. पदार्थात मांसाचे सूप किंवा मासळीचा रस नाही ना, हे विचारूनच मागवावे, कारण वरून शाकाहारी दिसणारे पुष्कळसे पदार्थ तसे नसतात. दशम्या सार्वजनिक किनाऱ्यावर बसून खुशाल खा. हॉटेलच्या खुर्च्यांवर मात्र डबा उघडू नये. उरलेल्या दशम्या त्याच दिवशी संपवा, कारण घरी शिजवलेले अन्न जहाजावर आणू देण्यास क्रूझ कंपन्या सहसा मनाई करतात. कारखान्यात सीलबंद केलेल्या चिवड्याच्या पाकिटांना बहुधा हरकत घेत नाहीत.

पाण्याविषयी मात्र सावधपणे सांगावे लागते. कोरोनाडोचा किनारा रुंद आणि स्वच्छ दिसतो, वाळूत अभ्रक असल्यामुळे ती उन्हात सोनेरी चमकते आणि लहान मुले पाण्याकडे धावतातच. परंतु सीमेपलीकडील तिहुआना शहरातून नदीवाटे समुद्रात येणाऱ्या सांडपाण्यामुळे या पट्ट्यातील किनारे अनेकदा, विशेषतः पावसानंतर, पोहण्यासाठी बंद ठेवावे लागतात. स्थानिक आरोग्य खाते तशा पाट्या वाळूतच रोवते. पाटी दिसली तर पाय भिजवण्याचाही मोह आवरावा. उद्या जहाजात चढताना प्रकृतीविषयी विचारणा होऊ शकते, आणि पोटाच्या विकाराने सात दिवसांची सुरुवात होणे परवडणारे नाही. पाटी नसेल तरी पाणी थंडगार असते. उत्तरेकडून येणाऱ्या थंड प्रवाहामुळे हिवाळ्यात त्याचे तापमान पंधरा अंशांच्या आसपास उतरते. कोकणच्या समुद्राची सवय असलेल्यांना याची कल्पना येत नाही.

प्रश्न : जहाज निघाल्यावर समुद्रातून हे हॉटेल दिसते का? त्यासाठी बाल्कनी कोणत्या बाजूची घ्यावी? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : दिसते, पण लगेच नाही. हॉटेल खुल्या समुद्राकडे तोंड करून असल्यामुळे खाडीतल्या धक्क्यावरून ते दृष्टीस पडत नाही. जहाज प्रथम खाडीतून नॉर्थ आयलंड या नौदलाच्या विमानतळाला वळसा घालते. तेथे विमानवाहू युद्धनौका लागलेल्या असल्या तर त्या फार जवळून दिसतात. मग उजव्या हाताला पॉइंट लोमाचे भूशिर ठेवून जहाज बाहेर पडते. त्यानंतर दक्षिणेकडे जाताना किनारा डाव्या बाजूला राहतो, म्हणून जाताना डावी बाजू बरी. हॉटेल काही किलोमीटर दूर असते, दुर्बिण लागेल. केवळ एवढ्यासाठी बाल्कनीचे जादा पैसे भरू नयेत. वरच्या डेकवर सर्वांनाच जाता येते. डिसेंबरात जहाज सुटेपर्यंत अंधार पडू लागतो हेही ध्यानात असावे.

प्रश्न : जहाज कंपनीच ‘क्रूझपूर्व हॉटेल मुक्काम’ विकते. तो घ्यावा का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : त्यात खोली, विमानतळावरून आणणे आणि धक्क्यापर्यंत सामानासह सोडणे यांचा समावेश असतो. ज्यांच्या सोबतीला कोणी नाही त्यांना ही सोय उपयोगाची आहे. पण हॉटेल कोणते हे नीट वाचून घ्यावे, कारण बहुधा ते शहराच्या मध्यभागातले नेहमीचे हॉटेल असते आणि कोरोनाडोची फेरी त्यात धरलेली नसते. ज्यांची मुले सॅन डिएगोत राहतात त्यांना याची काहीच गरज नाही. क्रूझ टर्मिनलवर आठवडाभर मोटार ठेवण्याची जागा नाही, म्हणून मुलाने धक्क्यावर सोडून परत जावे. उतरण्यासाठी वेगळी मार्गिका असते, आणि सामान तेथेच पोर्टर ताब्यात घेतात. बॅगांना जहाज कंपनीच्या चिठ्ठ्या घरूनच लावून न्याव्यात.